चारवर अडलेली मोजणी

१८ मे २०२४. दांडिया बाजारातल्या एका दुकानावरच्या घरात जीव तीन: एक अंथरुणावर, एक कारखान्याच्या पाळीवर, आणि एक त्या दोघांचे सगळे करणारा. त्या सकाळी हा तिसरा जीव जमिनीवर कोसळला, आणि पहिल्याला घेऊन कोसळला.

कोसळलेल्या बाईंचे नाव वसुंधरा इंगळे. वय एकोणसाठ, अंगकाठी बारीक. ज्यांना घेऊन त्या पडल्या ते त्यांचे यजमान गणपतराव. बडोद्याच्या जुन्या वस्तीत त्यांना नावाने फारसे कोणी ओळखत नाही. वस्ताद म्हटले की पुरते. त्यांचे पणजोबा संस्थानच्या पागेत शिलेदार होते. घोडा गेला, पागा गेली, संस्थानही गेले. घराण्यात राहिली ती शरीर कमावण्याची रीत. गणपतरावांनी शाळेत व्यायामशिक्षकाची नोकरी केली आणि नागरवाड्यातल्या पिंपळाखालच्या तालमीत आयुष्यभर विनावेतन शिकवले. त्यांच्या हाताखालून गेलेली मुले आज रेल्वेत आहेत, बँकेत आहेत, पोलिसांत आहेत.

आदल्या दिवाळीनंतर त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवे अंग गेले आणि वाचाही गेली. राहिले फक्त आकडे. बोलण्याची वाट मेंदूत जिथून जाते तिथे इजा झाली, तरी वर्षानुवर्षे घोकलेले क्रम कधीकधी शाबूत राहतात; कोणाची प्रार्थना राहते, कोणाची शिवी. गणपतरावांची मोजणी राहिली. तहान लागली तरी एक, दोन, तीन. लाज वाटली तरी एक, दोन, तीन. पाहुणे याला आशीर्वाद समजत आणि हात जोडत. पाणी हवे आहे की कूस बदलायची आहे, हे ओळखण्याचे काम वसुंधराबाईंचे होते.

त्या सकाळी त्या यजमानांना खाटेवरून खुर्चीत बसवत होत्या. हे कसे करावे, ते त्यांना कोणी शिकवलेले नव्हते. काखेत हात घालून, पाठ वाकवून, दात दाबून त्या त्यांना उचलत. कमावलेले, आता सैल पडलेले ते शरीर त्यांच्या दुपटीला आले असते. कमरेत काहीतरी सटकले. दोघेही खाली आले. गणपतरावांचा भार त्यांच्या पायांवर, मोबाइल स्वयंपाकघरात, मुलगा रणवीर नंदेसरीच्या रसायन कारखान्यात सकाळच्या पाळीला. वसुंधराबाईंना हाक मारायला श्वास पुरेना.

तेव्हा गणपतरावांनी मोजायला सुरुवात केली, आणि तालमीच्या आवाजात केली. एक! दोन! तीन! खालच्या फरसाणाच्या दुकानदाराने तो आवाज कित्येक महिन्यांनी ऐकला. वस्ताद बरे झाले, असे समजून तो हिरव्या चेवड्याची पुडी घेऊन हसत जिना चढला.

"वाह वस्ताद, आजे तो बहु जोरमां छो ने!" असे म्हणत त्याने दार ढकलले, आणि पुडी तिथेच टाकून धावला.

या घटनेचा अर्थ घरातल्या प्रत्येकाने वेगळा लावला. रणवीरचा अर्थ सरळ होता. तो एकतीस वर्षांचा, अबोल मुलगा. पाळीवरून येऊन बापाची रात्रीची स्वच्छता न सांगता करणारा. आईची कंबर शेकून झाल्यावर तो म्हणाला, "आई, वाघोडिया रोडला एक जागा आहे. चोवीस तास माणसं असतात. मी बघून आलो."

"मला न विचारता बघून आलास?"

"विचारलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

"नसतं दिलं."

"मग?" रणवीर म्हणाला. "पुन्हा अशी पडलीस तर मला दोघांना ठेवावं लागेल. एकाच खोलीत. तसंही मिळतं तिथे, विचारून आलोय."

शेजारच्या खाटेवर गणपतराव ऐकत होते. बोलणे गेलेल्या माणसाचे ऐकणेही गेले, असे भोवतालचे लोक नकळत धरून चालतात. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी उशीवर गेले. वसुंधराबाईंनी ते पाहिले आणि त्या मुलाला म्हणाल्या, "गुरुपौर्णिमेपर्यंत थांब. तोपर्यंत मी ह्यांना नीट उचलायला शिकते. नाही जमलं तर तू म्हणशील तिथे."

तसे ठरले. उचलायला शिकवण्यासाठी आली ती संयोगिता. ही फिजिओथेरपी शिकलेली तरुणी. वडील जळगावकडून रिफायनरीच्या नोकरीसाठी आलेले, तिचा जन्म इथलाच. गणपतरावांचे हातपाय हलवून घ्यायला ती आठवड्यातून एकदा येत असे. तिने आधी वसुंधराबाईंचीच तपासणी केली. भिंतीला टेकून उभे केले, खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावले. त्यांना उठता आले नाही.

"मावशी, युक्ती मी एका दुपारीत शिकवीन," संयोगिता म्हणाली. "माणूस जवळ घ्यायचा, गुडघे वाकवायचे, भार मांड्यांवर घ्यायचा. पण त्या मांड्या कुठून आणू? झोप लागते का?"

"लागते. मग हे मोजायला लागतात."

"जेवता कधी?"

"ह्यांचं झालं की."

"बसून?"

वसुंधराबाई हसल्या. 

संयोगिताने पाठ सावरेपर्यंत विश्रांती सांगितली, आणि नंतर रोज खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर, आणि घराबाहेर भरभर चालणे. जाता जाता तिने एक गोष्ट स्पष्ट केली. "हे फक्त ह्यांना उचलता यावं म्हणून नाही हं. तुमच्यासाठी आहे. झोप थोडी सुधारेल, चिडचिड थोडी कमी होईल. सगळी जाणार नाही. व्यायाम काही मदतीला येणाऱ्या माणसाची जागा घेत नाही. माणूस लागतोच."

'तुमच्यासाठी आहे' हे वाक्य वसुंधराबाईंनी ऐकूनही घेतले नाही. ज्या घरात त्यांनी पस्तीस वर्षे संसार केला तिथे व्यायाम हे पवित्र कार्य होते; पण ते पुरुषांचे होते. रात्री बदाम भिजत घालणे, पहाटे ते उगाळणे, दूध आटवणे, लंगोट धुणे, कुस्तीच्या आदल्या दिवशी अंगाला तेल जिरवणे, ही त्या कार्याची घरात होणारी बाजू. तालमीच्या उंबरठ्याच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकले नव्हते. त्यांना कोणी मनाई केली नव्हती. मनाई करण्याची वेळच कधी आली नाही. बडोद्याला आपल्या तालमींचा रास्त अभिमान आहे. त्या अभिमानाच्या तसबिरींत पिळदार दंड दिसतात, ते चोळणारे हात दिसत नाहीत.

जूनच्या मध्यावर कंबर सावरली; तोवर यजमानांना उचलण्याचे काम रणवीर पाळी सांभाळून करत होता. एका गुरुवारी वसुंधराबाईंनी यजमानांच्या खाटेसमोर लाकडी खुर्ची ठेवली, पदर खोचला आणि उठबस सुरू केली. त्यांना तिथेच जागा होती, आणि यजमान नजरेआड होत नव्हते. गणपतरावांची मान त्यांच्याकडे वळली. त्यांनी मोजायला आरंभ केला.

"एक. दोन. तीन. चार."

वसुंधराबाईंना बरे वाटले. पाचव्यांदा त्या उठल्या.

"चार," गणपतराव म्हणाले.

पुन्हा उठल्या.

"चार."

याच वेळी जिजाबाई दारात आल्या. या गणपतरावांच्या थोरल्या भगिनी. नागरवाड्यात राहतात, दर गुरुवारी भावासाठी काहीतरी गोड घेऊन येतात. हातातला डबा तसाच धरून त्या उभ्या राहिल्या.

"अगंबाई! शाळेत मास्तरांनी शिक्षा केली की काय तुला?"

"व्यायाम आहे, वन्सं. संयोगितानं सांगितलाय."

"नवरा अंथरुणाला खिळलाय, आणि ही उठाबशा काढतेय! खालच्या दुकानातनं माणसं बघत असतील."

"खालून वरचा मजला दिसत नाही, वन्सं."

"दिसत नसला तरी कळतं माणसांना!"

"चार!" गणपतराव ओरडले. त्यांचा डावा तळवा खाटेच्या कठड्यावर आदळत होता. चेहरा लाल झाला होता, कपाळावर आठी होती. "चार! चार!"

जिजाबाईंनी डबा खाली ठेवला. त्यांचा स्वर बदलला; त्यात आता टोमणा नव्हता, खरी व्यथा होती. "बघ गं. त्याला सहन होत नाहीये. थांब म्हणतोय तो. आयुष्यभर हजारांनी बैठका मारलेला माणूस. आज हलता येत नाही, आणि तू त्याच्या डोळ्यांपुढे... थांब ना."

वसुंधराबाई थांबल्या. ती आठी त्यांच्या ओळखीची होती. भाजीत मीठ कमी पडले, पाहुण्याने पायरी सोडली, शिष्य उशिरा आला, की ती उमटे. ती नाराजीची आठी होती याबद्दल त्यांना शंका नव्हती. त्यांनी खुर्ची उचलून भिंतीशी ठेवली. पुढल्या भेटीत त्यांनी हे संयोगिताला सांगितले, तेव्हा तिने जे प्रामाणिकपणे सांगता येईल तेच सांगितले: मोजणी आपोआप चालते आणि मध्येच अडकतेही, तिच्यातून फार अर्थ काढू नये. पण पत्नीने अर्थ काढायचा नाही, तर त्या घरात दुसरे उरले काय होते?

पुढले दिवस वाईट गेले. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही, कारण आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांविषयी आपण जे गोड बोलतो त्यात हेच दिवस गाळलेले असतात. सेवा करणारी व्यक्ती थकते, हे आपण मान्य करतो. ती कठोर होते, हे मान्य करायला आपण तयार नसतो. एका दुपारी सदरा घालताना गणपतरावांचा निकामी हात बाहीत अडकला. वसुंधराबाईंनी तो हिसडला. गरजेपेक्षा जोराने, आणि जाणूनबुजून. गणपतराव कळवळले. त्यांनी मोजले नाही. फक्त पत्नीकडे पाहिले.

वसुंधराबाई बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसल्या. खाली फरसाण तळले जात होते, स्कूटरवाले एकमेकांना शिव्या देत होते. तिथे बसून त्यांनी जे ठरवले ते त्यांनी नंतर संयोगिताला जसेच्या तसे सांगितले. "त्यांना नको असेल, तर नको असू दे. मला हवंय. मी अशी राहिले तर एक दिवस हाताऐवजी मान हिसडीन."

हा क्रम ध्यानात ठेवला पाहिजे. पुढे जे कळले ते या निर्णयानंतर कळले. परवानगी मिळाली म्हणून वसुंधराबाईंनी व्यायाम सुरू केला नाही. ती मिळणार नाही, असे धरून सुरू केला.

खुर्ची त्यांनी स्वयंपाकघरात नेली. काही दिवसांत खुर्ची सुटली. ओट्याची कड धरून त्या बैठका मारू लागल्या. पहाटे दुकानदाराची बायको वर येऊन थोडा वेळ बसे, तेवढ्यात त्या सुरसागर तळ्याच्या कडेने झपझप एक फेरी मारून येत. पण जुन्या घराची जमीन लाकडी पाटणीची. स्वयंपाकघरात भार टाकला की खोलीतली खाट हलकेच करकरे. गणपतरावांना दिसत नव्हते, तरी समजत होते. दोन दिवसांतच आतून मोजणी आली.

"एक. दोन. तीन. चार. चार."

वसुंधराबाईंनी ओटा घट्ट धरला आणि मोठ्याने म्हटले, "पाच!"

"चार!" खोलीतून उत्तर आले.

"सहा!"

"चार!"

रणवीरला त्या दिवशी सुट्टी होती. तो डोळे चोळत उठून आला. "आई, तुम्ही दोघं भांडताय का?"

"हो," वसुंधराबाई धापा टाकत म्हणाल्या. "सात! बापाला सांग, मी थांबणार नाही."

रणवीरने बापाला सांगितले नाही. पण एकतीस वर्षांत आपले आईबाप आवाज चढवून भांडल्याचे त्याच्या ऐकिवात नव्हते, आणि आईच्या चेहऱ्यावर घाम होता तसा रंगही होता. तो चहा करायला उभा राहिला. आई व्यायाम करते आहे आणि मुलगा चहा करतो आहे, असे दृश्य त्या स्वयंपाकघराने पहिल्यांदाच पाहिले असावे.

२१ जुलैला गुरुपौर्णिमा आली. रविवार होता. दरवर्षी तालमीत जाऊन वस्तादांना हार घालणारे शिष्य यंदा घरी येणार होते. तालमीची व्यवस्था आता हार्दिक पाहतो; बँकेत नोकरी करणारा, पस्तिशीचा, लहानपणापासून गणपतरावांच्या हाताखाली वाढलेला. मोबाइलवरच्या 'वस्ताद परिवार' नावाच्या गटात त्याने वेळ कळवली होती. दाराला तोरण बांधायला तो लवकर आला. वसुंधराबाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी दारातून त्याला बसायला सांगितले आणि राहिलेल्या बैठका पुऱ्या करायला लागल्या.

खाटेवरून गणपतराव मोजू लागले. "एक. दोन. तीन. चार. चार."

तोरण बांधणारा हार्दिक एकदम ताठ उभा राहिला. मग त्याला हसू आवरेना.

"काकू, आत कोण कच्ची मारतंय?"

वसुंधराबाई बाहेर आल्या. "काय म्हणालास?"

"कच्ची बैठक. अर्धवट. वस्ताद ती धरत नाहीत ना! मांडी पोटरीला टेकली नाही की आकडा पुढे सरकत नाही. मला एकदा अकरावर उभा ठेवला होता अर्धी सकाळ. अकरा, अकरा, अकरा. रडलो होतो मी." तो खाटेकडे वळला. "वस्ताद, कोण आहे आत? नवीन पोरगा?"

गणपतरावांचा डावा तळवा कठड्यावर आदळला. त्यांचे डोळे पत्नीवर होते. "चार."

"मीच आहे," वसुंधराबाई म्हणाल्या.

त्यांनी कठडा धरला, आणि गेल्या महिनाभरात कधी गेल्या नव्हत्या इतक्या खाली गेल्या. हार्दिक पुढे धावला, त्यांनी मानेनेच त्याला थांबवले. त्या उठल्या.

"पाच," गणपतराव म्हणाले, आणि कपाळावरची आठी गेली.

जाणत्या मेंदूने दिलेली ही पावती, की सवयीने चाललेले यंत्र, हे संयोगिता आजही सांगू शकत नाही, आणि न सांगण्यात तिचा प्रामाणिकपणा आहे. वसुंधराबाईंना त्या क्षणी आनंद झाला का, असे विचारल्यावर त्यांनी वेगळेच उत्तर दिले. त्यांना राग आला. आठी नाराजीची होती, हे त्यांनी बरोबर ओळखले होते. पण ती बैठक मारण्यावर नसून कच्ची मारण्यावर होती. तालमीतल्या पोरासोरांना ठाऊक असलेला नियम त्यांना ठाऊक नव्हता, कारण त्या कायम दाराबाहेर होत्या. जिजाबाईही बाहेरच होत्या. दोघी बायकांनी मिळून एका शिक्षकाच्या सूचनेला नवऱ्याची मनाई ठरवले होते. बाईच्या बाबतीत मनाईच असणार, हे गृहीत धरायला त्यांना आयुष्याने शिकवले होते.

दहाच्या सुमारास माणसे जमली. हार, नारळ, शाली. जिजाबाई पाट-रांगोळी बघत होत्या. पूजेसाठी वस्तादांना खुर्चीत बसवायचे होते. चार धिप्पाड शिष्य बाह्या सारून पुढे आले.

"थांबा," वसुंधराबाई म्हणाल्या.

त्यांनी यजमानांना कडेला आणले, त्यांचे पाय जमिनीवर टेकवले, गुडघे त्यांच्या गुडघ्यांना भिडवले, संयोगिताने शिकवले होते तसा त्यांच्या कमरेभोवती पट्टा घेतला आणि त्यांना छातीजवळ ओढले. "मोजा," त्या त्यांच्या कानात म्हणाल्या.

"एक. दोन. तीन."

तिनावर त्या मांड्यांच्या जोराने उठल्या आणि गणपतराव त्यांच्याबरोबर उठले. क्षणभर दोघे समोरासमोर उभे होते. मग त्यांनी त्यांना वळवून खुर्चीत अलगद ठेवले. रणवीर दाराशी उभा होता. त्याने मान खाली घातली.

"काकू, कमाल!" एक शिष्य म्हणाला. "तुम्हाला आता आमची गरजच नाही!"

वसुंधराबाईंनी पट्ट्याची घडी केली. "उचलता येतं म्हणून जन्मभर मीच उचलायचं का?"

तो शिष्य दोन पावले मागे सरला.

"आज चहा नाही," त्या म्हणाल्या. "दर वेळी तुम्ही दर्शनाला येता, पाया पडता, फोटो काढता. मी चहा करते. तुमच्या येण्यानं माझं काम वाढतं. दक्षिणा द्यायची असेल तर एक सकाळ द्या. ह्यांच्यापाशी बसा. कूस बदला, पाणी पाजा, घाण झाली तर काढा. तेवढ्या वेळात मी तालमीत जाणार आहे."

"तालमीत?" जिजाबाईंच्या हातातली रांगोळी सांडली. "कुठल्या तालमीत?"

"आपल्याच, वन्सं. हार्दिक संध्याकाळी मुलींना मलखांब शिकवतो तिथे. सकाळची पडवी रिकामी असते."

पोलिसात असलेला एक शिष्य घसा खाकरून म्हणाला, "काकू, काहीच हरकत नाही. मी आमच्या मिसेसना पाठवतो."

"तिला नको."

"नाही, तिला सवय आहे. तिच्या आईचं तिनंच..."

"म्हणूनच नको. पाया कोण पडलं आत्ता? तू ना? मग तू ये."

मागून कोणीतरी हसले. त्याचे कान लाल झाले. पण तोच पहिला म्हणाला, "मंगळवार. मंगळवारी माझी दुपारची ड्यूटी असते." मग एकेक आवाज आला, काही मनापासून, काही लाजेखातर. रविवार रणवीरने घेतला. बाह्या सारलेल्या त्या चौघांना संयोगिताने पुढल्याच आठवड्यात उचलण्याची रीत शिकवली, आणि ताकद असूनही रीत नसलेला माणूस आजाऱ्याला किती दुखवू शकतो, हेही दाखवले.

पाहुणे गेल्यावर रणवीर एवढेच म्हणाला, "वाघोडिया रोडवाल्यांना मी नको म्हणून कळवतो." मग वळून, "पण आई, मंगळवारवाला आला नाही तर मला फोन कर. एकटीनं ओढत बसू नकोस."

"एकटीनं ओढायचं नाही म्हणूनच तर हे सगळं केलं," त्या म्हणाल्या.

जिजाबाईंनी दोन गुरुवार अबोला धरला. तिसऱ्या गुरुवारी त्या डब्याऐवजी जपमाळ घेऊन आल्या आणि भावाच्या खाटेशी बसल्या. "जा, जायचं तिकडे," त्या भिंतीकडे पाहत म्हणाल्या. "आणि नऊवारी नेसून जाऊ नकोस. पाय अडकून पडलीस तर मी येणार नाही उचलायला."

तालमीच्या उंबरठ्याशी वसुंधराबाई पहिल्या दिवशी जरा वेळ उभ्या राहिल्या. समोर मारुती, बाजूला लाल मातीचा हौदा. त्या मातीचा वास त्यांना नवा नव्हता. तो पस्तीस वर्षे धुण्यात येत होता. पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून त्या पडवीत गेल्या. हार्दिक बँकेत जाण्यापूर्वी थांबला होता. तो मोजू लागला.

"चार. पाच. सहा. सात."

वसुंधराबाई थांबल्या. "सातवी कच्ची होती."

"चालशे, काकू. पहिलाच दिवस आहे."

"तू कोणाचा शिष्य?"

हार्दिकने हात मागे बांधले आणि ताठ उभा राहिला. "वस्तादांचा."

"मग कच्ची मोजू नकोस."

त्या पुन्हा खाली गेल्या, मांडी पोटरीला टेकेपर्यंत, आणि उठल्या.

"सात," हार्दिक म्हणाला.

त्या आजही जातात. घरात जीव तेच तीन आहेत. गणपतरावांची वाचा परत आलेली नाही आणि येण्याची शक्यता कमी आहे. वसुंधराबाईंना झोप पूर्वीपेक्षा बरी लागते, रोज लागत नाही. त्या बसून जेवतात. मंगळवारवाला येतो. गुरुपौर्णिमेला होकार दिलेल्यांपैकी पुष्कळांनी पुढे तोंड दाखवले नाही. गटावर मात्र वस्तादांना रोज सकाळी हात जोडलेले चित्र पाठवतात. ज्या सकाळी अशा रिकाम्या राहतात, त्या सकाळी वसुंधराबाई स्वयंपाकघरात ओट्याशी बैठका मारतात आणि खोलीतून मोजणी येते.

त्या तालमीच्या भिंतीवर वस्तादांची तसबीर लागली आहे. ते शरीर ज्या हातांवर उभे राहिले, त्यांचे पस्तीस वर्षांचे देणे अजून बाकी आहे.